फोटोला वर्णन नाही

४ जून

छोट्या,

प्रत्येक तारखेला नीट मथळा केला आहे. नुसती अक्षरं जाड करून तुला फसवलेलं नाही. म्हणजे फोन वाचून दाखवताना नेहमीसारखं ते एक बटण दाबत तुला या मथळ्यावरून त्या मथळ्यावर उड्या मारता येतील आणि मधलं माझं पाल्हाळ टाळता येईल. तू ज्या वेगाने ऐकतोस त्या वेगाने हे पत्र दोन मिनिटांत संपेल. मला मात्र ते लिहायला तीन संध्याकाळी लागल्या आहेत, एवढं लक्षात ठेव.

तू गेल्याला साडेतीन महिने झाले. ऑफिस अजून त्या चष्म्याच्या दुकानाच्या वरच आहे. "तुमची वेबसाइट आम्हा आंधळ्यांना ऐकता येते का ते तपासून घ्यायला या, चष्म्याच्या दुकानाच्या वर" असं तू फोनवर लोकांना सांगायचास आणि पलीकडचा माणूस गप्प झाला की हसायचास. आता फोन मी घेते. मला तसं सांगता येत नाही.

तुझ्या जागी एक नवी मुलगी आली आहे. तिलाही दिसत नाही, कान तयार आहे, पण स्वभाव फार गरीब. मी काहीही लिहिलं तरी "छान आहे ताई" म्हणते. मला कोणी छान म्हणायची सवय राहिलेली नाही. परवा एका इमारतीच्या चित्राला मी मुद्दाम "सुंदर इमारत" असं वर्णन लिहून पाठवलं. पास झालं! तू असतास तर तासाभरात परत आलं असतं: सुंदर कोणाला? दरवाजा कुठे, पायऱ्या किती, ते लिही. आणि "इथे क्लिक करा" लिहिलं की, "इथे म्हणजे कुठे? मी तुझ्या बोटाकडे बघू का?" सगळं ऑफिस तुला मास्तर म्हणायचं ते काही उगीच नाही.

साहेब तुझी आठवण काढतात. तुझा राजीनामा त्यांनी अजून वरच्या कपाटात ठेवला आहे, पुढे पाठवलेला नाही. त्यातली ती एकच ओळ मला पाठ झाली आहे: "माझ्या कानावर आता माझाच विश्वास राहिलेला नाही." अरे, वीस वर्षं लोकांनी तुझ्या कानावर डोळे मिटून विश्वास ठेवला. एका पानाने काय होतं? चूक कोणाचीही होते. आई गेली त्या दिवशी सकाळी तू सलग चाळीस-एक पानं तपासली होतीस, आधी दोन रात्री झोप नव्हती. हॉस्पिटलवाल्यांनी त्यांच्या वेबसाइटसाठी भेटीची बदललेली वेळ अक्षरांत न लिहिता चित्रात घालून पाठवली, त्या चित्राला वर्णन राहून गेलं आणि तुझ्या फोनने ते न वाचताच पुढची ओळ वाचली. पानावर खाली जुनी वेळ तशीच होती, पाच ते सहा. तू ती ऐकून निघालास. यात तुझा काय दोष?

आणि आई मलाही भेटली नाहीच. मीही पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. दोघांचीही एकच गत झाली. तू एकट्यानेच सगळं डोक्यावर घेऊन तिकडे त्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राच्या खोलीत बसू नकोस. लॉजवर फोन उचलायची नोकरी करतोस म्हणे. "खोली रिकामी आहे, खोली रिकामी नाही," एवढंच दिवसभर बोलायला तुझा कान देवाने दिला आहे का?

परत ये.

ताई


१९ जून

छोट्या,

उत्तर नाही. हरकत नाही, मी कुठे तुझ्या उत्तरावाचून अडले आहे! (अडले आहे.)

आज आईची खोली आवरायला घेतली. घेतली म्हणजे दार उघडलं, पलंगावर बसले आणि दीड तासाने उठले. तिचं ते घड्याळ, दर तासाला वेळ सांगणारं, तू तुझ्या पहिल्या पगारातून आणलेलं, अजून चालू आहे. खरं तर ते तू तुझ्यासाठी आणलं होतंस आणि तिने ढापलं. आता घरात दर तासाला एक बाई मला वेळ सांगते. पहिल्या आठवड्यात दचकायचे. आता तिच्या बोलण्याची वाट बघते. रविवारी कधी कधी दिवसभरात घरात तेवढाच आवाज होतो.

परवा घरमालकांचा मुलगा भाडेपट्ट्यावर सही घ्यायला आला. "किती माणसं राहतात?" म्हणाला. मी तीन म्हणाले. मग दोन म्हणाले. मग त्याच्या हातातून पेन घेऊन स्वतःच एक लिहिलं.

तुला आठवतं, तुझे डोळे गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी अकराची. तेव्हापासून तुला जग सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी काय काय सांगायचे! शाळेच्या भिंतीला ताजा रंग आहे, शेजारच्या काकूंनी तुझ्याकडे बघून हात हलवला, बाबा हसताहेत. आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तिला विचारू नकोस रे, ती सगळ्यात साखर घालून सांगते!" पुढे तू याच कामात पडलास आणि मलाही ओढलंस. माझ्या प्रत्येक वाक्यातली साखर तू वीस वर्षं काढत बसलास. दिसतं तेवढंच लिही, ताई. जास्त नाही, कमी नाही.

माझ्या फोनमध्ये आईचा एक फोटो सापडला. हॉस्पिटलमधला. तुझ्याकडे तिचा एकही फोटो नसेल. तुला काय करायचा आहे म्हणा, पण तुझ्या मित्राला दाखव, त्याने तिला कधी पाहिलेलं नाही. या पत्राला जोडला आहे. छान आला आहे. आई हसते आहे.

ताई


२ जुलै

छोट्या,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, तपासणीचा शेराच तो. चार वाक्यं. मी ती इथे उतरवून घेते, कारण सकाळपासून तीच डोक्यात फिरताहेत.

"फोटोला वर्णन नाही. म्हणून फोनने फाइलचं नाव वाचलं. नावात तारीख आहे आणि वेळ आहे, पंधरा वीस. तू आत होतीस?"

वीस वर्षं मी दुनियेला शिकवलं की चित्राला वर्णन द्यायला विसरू नका. नाही दिलंत तर वाचणारं सॉफ्टवेअर गप्प बसत नाही, ते फाइलचं नाव जसंच्या तसं वाचून दाखवतं. नव्या लोकांना शिकवताना हसून सांगायचे. आणि मीच विसरले. नाही, विसरले नाही. वर्णन लिहायला बसले होते, तीनदा. जमलं नाही म्हणून तसाच जोडला. फोन फोटोला वेळेचंच नाव देतो, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

हो. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी आत होते.

आईचा टॉवेल आणि औषधं नर्सबाईंकडे द्यायला मी तीनला गेले. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "आजपासून तीन ते चार. जा बाई, एकटीच आहात आज." म्हणून मी आत गेले. अगदी पाच मिनिटं. तुला कळवणारच होते, पण तिथे फोन आत नेऊ देत नाहीत, माझा फोन खाली पहारेकऱ्याकडे जमा होता. बाहेर येऊन लावेन म्हटलं, आणि मग राहिलं. तुला नंतर सांगितलं असतं तर तुला आणखी लागलं असतं, म्हणून चार वाजून गेले होते असं म्हणाले. एवढंच.

हॉस्पिटलमधले दिवे फार पांढरे होते. अजून काय लिहू? इथे पाऊस नाही, उकडतं आहे. नळाला पाणी सकाळी एकच तास येतं.

ताई


११ जुलै: ते पान तू तपासलंच नव्हतंस

छोट्या,

या वेळी मथळ्यात नुसती तारीख ठेवली नाही. तू उड्या मारत जातोस. जे सांगायचं ते अशा ठिकाणी ठेवलं आहे की उडी मारलीस तरी ते तुझ्या पायाखाली येईल.

तुझं उत्तर आलं नाही आणि नऊ दिवस मी विचार करते आहे की आता का नाही. आज ऑफिसात डबा खाता खाता समजलं. फोन खाली जमा होता तर मग फोटो कशाने काढला? मला हसूच आलं. इतकी बावळट थाप मी तुला लहानपणीसुद्धा मारली नव्हती. नवी मुलगी म्हणाली, "काय झालं ताई?" मी म्हणाले, "काही नाही, ठसका लागला." आणि खरंच लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आता साखर न घालता.

त्या दिवशी सकाळी तू एक्केचाळीस पानं तपासलीस. एकला घरी गेलास. दोन वाजता हॉस्पिटलकडून भेटीच्या पानावर टाकायला एक चित्र आलं. फाइलचं नाव "फुलं दोन". माझ्या पडद्यावर ते नखाएवढं दिसत होतं, चारी बाजूंनी गुलाबी फुलं आणि मध्ये काहीतरी. ही त्यांची नेहमीची सवय, काही ना काही शोभेचं पाठवायचे. मला तीनच्या आत टॉवेल पोचवायचा होता. मी ते उघडलं नाही. "सजावट" अशी खूण केली. सजावट म्हटलं की सॉफ्टवेअर नावसुद्धा वाचत नाही, सरळ पुढे जातं, जणू तिथे काहीच नाही. हे तूच मला शिकवलं होतंस. आणि हेही की ती खूण करताना चित्र उघडून बघायचंच, कारण एकदा सजावट म्हटलं की ऐकणाऱ्याला कधीच कळणार नाही की तिथे काही होतं.

फुलांच्या मध्ये लिहिलं होतं: भेटीची वेळ आजपासून तीन ते चार.

तपासणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय पान वेबसाइटवर चढत नाही. मी तुझं नाव घातलं. तुला झोपेतून उठवायचं नव्हतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. नंतर साहेबांनी चौकशी केली तेव्हा वहीत बेचाळीस पानांपुढे तुझं नाव होतं. तू म्हणालास, "मला एक्केचाळीस आठवतात, पण झोप नव्हती, चुकलं असेल." मी टेबलाच्या या बाजूला बसले होते. माझ्या हातात चहाचा कप होता. मी काही बोलले नाही. तू राजीनामा बोलून टाइप करत होतास, शब्द न् शब्द मला ऐकू येत होता, तरीही बोलले नाही.

तुझा कान चुकला नाही. ते पान तुझ्या कानापर्यंत आलंच नव्हतं. हे सगळं मी आज साहेबांना पण सांगितलं आहे. ते म्हणाले, "बाई, तुम्ही हे पाच महिने रोज माझ्यासमोर बसून काम करत होता?" मला हो म्हणावं लागलं. वहीतलं तुझं नाव खोडून तिथे माझं घातलं आहे. तपासणीच्या कामावरून मला काढलंय, लिहायचं काम ठेवलं आहे.

आता फोनचं. फोन माझ्याजवळ होता. पहारेकऱ्याने मागितलासुद्धा नव्हता. तीन वाजून पाच मिनिटांनी मला कळलं होतं की वेळ बदलली आहे आणि तुला माहीत नसणार. तुला दहा सेकंदांचा फोन केला असता तर तू साडेतीनला पोचला असतास. आई पावणेपाचला गेली. तोवर ती शुद्धीवर होती.

मी फोन का केला नाही, हे तुला विचारायचं असेल. मी स्वतःला इतके महिने विचारते आहे आणि दर वेळी वेगळं उत्तर देते आहे. खरं उत्तर लाजिरवाणं आहे. आत गेले तर तिने डोळे उघडले आणि पहिला शब्द काय काढला? "छोट्या?" मी म्हणाले, "मी आहे." ती म्हणाली, "तो येतोय ना?" मी म्हणाले, "येतोय." आणि बसून राहिले. चाळीस वर्षं मी तुझे डोळे होते. तिचा हात धरला तरी ती मला विचारायची, तो जेवला का, त्याला रस्ता नीट सापडला का. मला एक तास हवा होता. मला वाटलं, पाचला तो येणारच आहे, पहारेकऱ्याला विनवून त्यालाही आत नेईन, त्याआधीचा हा एक तास माझा. मला काय माहीत की तेवढाच उरला होता!

तुला राग आला असेल तर तो माझ्यावर धर. तुझ्या कानावर धरू नकोस. एवढंच मागते.

ताई


२३ सप्टेंबर

छोट्या,

दोन महिने लिहिलं नाही. तू उत्तर देणार नाहीस हे समजायला मला तेवढे लागले. राजीनामा पुढे पाठवा, असं तू साहेबांना कळवलंस, तेही समजलं. लॉजवर फोन केला होता. नव्या कोणीतरी उचलला. "ते सोडून गेले, त्यांच्या जुन्या कामावर गेले म्हणे," एवढंच सांगितलं.

काल पाणीखात्याच्या वेबसाइटचं काम परत आलं. आता त्यांची तपासणी बाहेरची एक कंपनी करते. तेहतीस शेरे. नवी मुलगी घाबरून गेली, "ताई, हे कोण आहे? किती खडूस आहे!" मी म्हणाले, वाच. तिने तिच्या मशीनवर लावलं. पहिलाच शेरा: "‘अधिक माहिती’ म्हणजे कशाची? पाणी कधी येणार याची, की साहेबांच्या वाढदिवसाची?" मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, हळू लाव, मला ऐकू दे.

खाली कोणाचं नाव नव्हतं. एकोणिसाव्या शेऱ्यात होतं: "चित्र सात. सजावट अशी खूण आहे. संबंधित लेखकाने चित्र उघडून पाहावे." मी उघडून पाहिलं. ती खरंच नुसती सजावट होती, निळी लाट. उत्तरात तसं कळवलं. संबंधित लेखक म्हणूनच सही केली.

घरी आले तर कुलूप काढताना आतून ती घड्याळातली बाई सात वाजले म्हणून सांगत होती. मी दारातच उभी राहून तुझ्यासाठी रडले, आनंदाने, आणि मग जेवायला बसले तेव्हा स्वतःसाठीही थोडं रडले. तू पुन्हा ऐकायला लागलास. माझ्याबरोबर नाही, ते ठीक आहे. ठीक नाही, पण आहे.

एक काम राहिलं होतं, ते आज केलं. फोटो पुन्हा जोडला आहे, फाइलचं नाव न बदलता. या वेळी वर्णन दिलं आहे. तुला फोटो उघडायचा नसेल तर इथेच लिहिते. दिसतं तेवढंच, जास्त नाही, कमी नाही:

"हॉस्पिटलच्या पलंगावर एक म्हातारी बाई उशांना टेकून बसली आहे. अंगावर निळी चादर. केस विंचरलेले आहेत. ती हसत नाही. तिचा डावा हात चादरीवर उघडा पडला आहे, तो कोणी धरलेला नाही. ती फोटो काढणाऱ्याकडे बघत नाही, दाराकडे बघते आहे. दार बंद आहे. वर भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. खालच्या कोपऱ्यात फोटो काढणारीचं बोट आलं आहे."

ताई